आरोपपत्र हातात पडल्यावर: इन्क्वायरी कशी लढवायची

बडतर्फीची ऑर्डर घेऊन कामगार न्यायालयात आलेला माणूस पहिलं वाक्य बोलतो ते ठरलेलं असतं: "मी काही केलंच नाही." न्यायालय मात्र तिथून सुरुवात करत नाही. आधी पाहिलं जातं ते इन्क्वायरी, म्हणजे कंपनीने घेतलेली चौकशी, नीट झाली का, हे. त्याचं उत्तर सापडतं सहा-आठ महिन्यांपूर्वीच्या कागदांत, म्हणजे रोजनाम्याच्या (चौकशीच्या दर बैठकीच्या नोंदीच्या) ज्या पानांवर तुम्ही न वाचता सह्या केल्या त्यांत. म्हणून इन्क्वायरीची तयारी कंपनीचं आरोपपत्र मिळालं त्याच संध्याकाळी सुरू करायची.

इथे जे लिहिलं आहे ते महाराष्ट्रातल्या खासगी कारखान्यातल्या आणि आस्थापनेतल्या कामगारासाठी आहे. खासगी शाळेतल्या शिक्षकाला १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा लागतो आणि शाळा न्यायाधिकरणाकडे अपिलाला फक्त ३० दिवस मिळतात. सरकारी कर्मचाऱ्याला १९७९ चे शिस्त व अपील नियम लागतात. चौकशीची रीत सगळीकडे बरीचशी सारखी, पण दाद मागायची दारं वेगळी.

तुम्ही कायद्याच्या भाषेत "कामगार" आहात का?

ओळखपत्रावर काय छापलंय याला किंमत नाही. "सीनियर एक्झिक्युटिव्ह" लिहिलेला माणूस दिवसभर मशीन दुरुस्त करत असेल किंवा बिलांच्या नोंदी करत असेल, तर तो कामगारच. तुम्ही कोणाची रजा मंजूर करता का, कोणाला कामावर घेता का, कोणाला मेमो देता का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारा. तिन्हीला "नाही" असेल तर व्यवस्थापकीय काम तुमच्याकडे नाही असं म्हणायला चांगला आधार आहे. निव्वळ देखरेखीचं काम असेल तर पगाराची मर्यादा पाहिली जाते: जुन्या कायद्यात ती महिना १०,००० रुपये होती, नव्या संहितेत १८,००० आहे. जो खरोखर व्यवस्थापक आहे त्याला कामगार न्यायालयाचा रस्ता बंद. त्याने नेमणूकपत्रातल्या अटी आणि नोटिशीची मुदत काढून दिवाणी वकील गाठावा. त्याला पैसे मिळू शकतात, खुर्ची परत मिळणं फार अवघड.

नवी संहिता म्हणजे औद्योगिक संबंध संहिता, २०२०. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा व १९४६ चा स्थायी आदेशांचा (कंपनीतल्या कामाच्या व शिस्तीच्या मंजूर नियमांचा) कायदा तिच्या पोटात गेले. महाराष्ट्रात पूर्वी ५० कामगारांच्या आस्थापनेलाही स्थायी आदेश लागत, संहितेत हा आकडा ३०० आहे. म्हणजे लहान कारखान्यात "कोणत्या नियमाखाली शिक्षा?" या प्रश्नाचं उत्तर आता नेमणूकपत्रात किंवा कंपनीच्या सेवा नियमांत शोधावं लागेल. ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही, हे तत्त्व मात्र स्थायी आदेशांच्या आधीपासूनचं आहे. ते आकड्यावर अवलंबून नाही.

कागद घ्या

आरोपपत्र नाकारण्यात काडीचा फायदा नाही. कंपनी ते रजिस्टर पोस्टाने पाठवते, नोटीस बोर्डावर लावते, फारच झालं तर वर्तमानपत्रात छापते आणि तुम्हाला मिळालं असं धरते. मग चौकशी एकतर्फी चालते. कागद घ्या, आणि सही करताना वर लिहा: "प्रत मिळाली. मजकूर मान्य नाही." खाली तारीख आणि वेळ. लगेच मोबाईलवर फोटो काढा.

निलंबनात गावी जाणार असाल तर गावचा पत्ता कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. पिंपरीच्या खोलीवर आलेली पाकिटं परत गेली आणि इकडे तीन बैठका एकतर्फी झाल्या, हा प्रकार नेहमीचा आहे. पाकीट शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवलं एवढं कंपनीला पुरतं.

आता आरोपपत्र वाचा, पण रागाने नको, पेन्सिल घेऊन. तारीख, वेळ, जागा दिलीय का? तुम्ही नेमकं काय केलं किंवा कोणते शब्द बोललात ते लिहिलंय का? कोणत्या कलमाखालचं गैरवर्तन ते सांगितलंय का? "आपण गेले काही महिने वरिष्ठांशी उद्धटपणे वागत आहात" हे आरोपपत्र नव्हे, तक्रार आहे. याला उत्तरच देता येत नाही, आणि तेच तुम्ही लिहायचं: कोणत्या दिवशी, कोणाशी, काय शब्द, ते कळवावं. स्थायी आदेशांच्या यादीत नसलेल्या गोष्टीला गैरवर्तन म्हणून शिक्षा देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ग्लॅक्सोच्या प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून कलम लिहिलेलं असलं तरी ते मूळ पुस्तिकेत काढून शब्द न् शब्द ताडून पाहा. "दहा दिवसांपेक्षा जास्त सलग विनापरवाना गैरहजेरी" असा शब्दप्रयोग असेल आणि तुमचे दिवस नऊच भरत असतील, तर निम्मी लढाई तिथेच आहे.

उत्तर

मुदत बहुतेकदा ४८ तास किंवा तीन दिवस लिहिलेली असते. तेवढ्यात जमणार नसेल तर मुदत संपायच्या आत लेखी मुदतवाढ मागा आणि त्याच अर्जात कागदपत्रांची यादी द्या: हजेरीपट, गेट रजिस्टर, शिफ्ट लॉगबुक, तक्रारीची मूळ प्रत. सीसीटीव्हीचं चित्रण हवं असेल तर पहिल्या आठवड्यातच मागा. रेकॉर्डरची जागा भरली की जुन्यावर नवं चढतं, आणि दोन महिन्यांनी "उपलब्ध नाही" हे उत्तर खरंही असू शकतं. वेळेत मागितल्याची पोच तुमच्याकडे असेल, तर त्या "उपलब्ध नाही"चा भार कंपनीवर जातो.

उत्तरात प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर द्या: मान्य की नाकबूल, आणि नाकबूल असेल तर खरं काय, दोन ओळींत. साहेबांची कुंडली मांडू नका. बचावाचा सगळा पुरावाही इथे ओतू नका, साक्षीदार सावध होतात.

सगळ्यांत महागात पडणारं वाक्य हे: "तरी माझ्याकडून काही चूक झाली असल्यास माफ करावे." नम्रपणे, सवयीने लिहिलेलं असतं. चौकशी अधिकारी ते कबुली म्हणून वाचतो. कबुली आली की पुरावा लागत नाही, उरते फक्त शिक्षा. एचआरमधलं कोणी आपुलकीने सांगत असेल की "लिहून दे, मिटवून टाकतो," तर त्यांनाच आधी मिटवल्याचं पत्र द्यायला सांगा. त्या ओळीऐवजी लिहा: "वरील आरोप मला मान्य नाहीत. आरोपपत्र मागे घ्यावे, ही विनंती."

निलंबन आणि निर्वाह भत्ता

चौकशी होईपर्यंतचं निलंबन ही शिक्षा नाही, त्यामुळे पगार पूर्ण तोडता येत नाही. पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, पुढे ७५ टक्के, ही संहितेतली मोजणी. तुमच्यामुळे उशीर झाला असेल तर ७५ टक्क्यांवर हक्क राहत नाही, म्हणून उगाच तारखा वाढवून मागू नका. महाराष्ट्राच्या जुन्या आदर्श (सरकारने नमुना म्हणून ठरवलेल्या) स्थायी आदेशांत १८० दिवसांनंतर १०० टक्के होते. तुमच्या कंपनीचे मंजूर स्थायी आदेश काय म्हणतात तेही काढून बघा. संहितेनुसार निलंबनापासून साधारण ९० दिवसांत चौकशी पूर्ण व्हायला हवी.

दर महिन्याला "मी दुसरीकडे नोकरी करत नाही" असं लिहून भत्ता मागा आणि पोच ठेवा. भत्ताच दिला नाही, गाडीभाड्यालाही पैसे नव्हते म्हणून चौकशीला येता आलं नाही, असं झालं तर ती एकतर्फी चौकशी टिकत नाही. भारत गोल्ड माइन्सच्या १९९९ च्या निकालाने हे पक्कं केलं आहे. पण "पैसे नाहीत म्हणून येता येत नाही" हे त्याच वेळी लिहून कळवलेलं हवं.

पहिली बैठक

चौकशी अधिकारी कोण हे आधी पाहा. ज्याने तक्रार केली, ज्याच्याशी भांडण झालं किंवा ज्याने प्रसंग डोळ्यांनी पाहिला, तो चौकशी अधिकारी होऊ शकत नाही. असं असेल तर पहिल्याच बैठकीत लेखी हरकत घ्या. कंपनीने फी देऊन बाहेरचा वकील बसवलाय, एवढ्यावर मात्र हरकत टिकत नाही. त्यात शक्ती घालवू नका, त्याच्या वागण्यावर नजर ठेवा.

आदर्श स्थायी आदेशांनुसार त्याच खात्यातला सहकारी किंवा तुम्ही सभासद असलेल्या युनियनचा पदाधिकारी बचाव प्रतिनिधी म्हणून घेता येतो. वकील हक्काने मिळत नाही. अपवाद मुंबई पोर्ट ट्रस्टच्या निकालातला: कंपनीची बाजू कायदा शिकलेला माणूस मांडत असेल, तर तुम्हालाही वकील द्यावा लागतो. त्यामुळे व्यवस्थापन प्रतिनिधीची पदवी विचारा आणि ती रोजनाम्यात लिहून घ्या. प्रतिनिधी निवडताना मोठ्याने बोलणारा नको. शांतपणे लिहून घेणारा आणि प्रत्येक तारखेला येणारा बघा.

कामकाज तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मागा. इंग्रजीत टाइप केलेल्या पानावर मराठीत सही, ही पुढे सांगायला चांगली गोष्ट वाटते. प्रत्यक्षात "समजावून सांगितले" अशी ओळ वर टाइप केलेली असते आणि तुमची सही तिच्या खाली असते.

क्रम असा: आधी कंपनीचे साक्षीदार, तुमच्यासमोर. मग तुम्ही त्यांची उलटतपासणी करायची. त्यानंतर तुमचा जबाब आणि तुमचे साक्षीदार. अधिकारी सुरुवातीलाच तुम्हाला "त्या दिवशी काय घडलं?" विचारू लागला तर नम्रपणे म्हणा, आधी आरोप सिद्ध करणाऱ्यांचा पुरावा घ्यावा. हे १९६३ पासून ठरलेलं आहे. त्याच वर्षीच्या सूर एनॅमलच्या निकालात चौकशीची पाच अंगं सांगितली आहेत: स्पष्ट आरोप, समोर साक्ष, उलटतपासणी, आपला पुरावा, आणि कारणांसह निष्कर्ष. यातलं एखादं सुटलं की चौकशीला भोक पडतं.

रोजनामा

सगळा खेळ इथे आहे. प्रत्येक पान वाचून सही, आणि प्रत त्याच दिवशी. तुम्ही घेतलेली हरकत लिहिली गेली नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "माझी कागदपत्रांची मागणी नोंदवली नाही." लिहू देत नसतील तर त्याच संध्याकाळी ईमेलने कळवा. ईमेलची वेळ बदलता येत नाही. कोऱ्या पानावर किंवा "नंतर टाइप करू" म्हणून सही कधीच नाही.

रागावून उठून जाऊ नका. बहिष्कार युनियनच्या सभेत शोभतो, इन्क्वायरीत तो एकतर्फी निकालाला रस्ता देतो. हरकत नोंदवून बसून राहायचं. आजारी असाल तर डॉक्टरच्या दाखल्यात "कामासाठी अयोग्य" एवढं पुरत नाही, चौकशीला हजर राहता येणार नाही असं स्पष्ट हवं, आणि तो दाखला बैठकीच्या आधी पोचायला हवा. एखादी बैठक चुकलीच, तर पुढच्या बैठकीला जाऊन एकतर्फी नोंदलेल्या साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज द्या.

उलटतपासणी

समजा आरोप असा: दुपारी ३.४० ला गेटवर तुमच्या पिशवीत तांब्याची तार सापडली. साक्षीदार सुरक्षारक्षक. त्याला "तू खोटं का बोलतोस?" विचारलंत तर तो आणखी पाच मिनिटं तुमच्याविरुद्ध बोलेल. कारण विचारणारा "का" तुम्ही टाळायचा. प्रश्न लहान ठेवायचे, ज्यांचं उत्तर हो-नाही किंवा दोन शब्दांत येईल आणि जे कागदावर ताडता येतील:

त्या शिफ्टला गेटवर किती रक्षक होते? झडतीची नोंद रजिस्टरमध्ये करता का? ३.४० ची नोंद दाखवा. पंचनामा केला? त्यावर पंच कोण, आणि ते कंपनीचेच आहेत ना? तार वजन केली? कोणत्या काट्यावर? सील केली? आज ती तार इथे आहे का? ही तार याच कंपनीच्या स्टोअरची हे कशावरून ओळखलं?

बघा, यातल्या एकाही प्रश्नात तुम्ही चोरी केली की नाही हा विषय नाही. तार ओळखता आली नाही, सील नाही, रजिस्टरला नोंद नाही, एवढं रोजनाम्यात आलं की पुरे. शेवटी मात्र स्वतःची बाजू साक्षीदारापुढे ठेवलीच पाहिजे: "माझं म्हणणं आहे की पिशवी माझी नव्हती, ती बाकावर होती." नाही ठेवलीत तर पुढे म्हणतात, हे नंतर सुचलं.

टाइपिस्ट हे कोर्टाच्या वळणाने लिहितो: "हे म्हणणे खरे नाही की पिशवी आरोपित कामगाराची नव्हती." दोन नकार एकत्र. अशी वाक्यं तीनदा वाचा. एक "नाही" गळला तर अर्थ उलटा होतो आणि खाली तुमची सही असते.

एक गैरसमज काढून टाका. इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यता कोणत्या बाजूला झुकते एवढंच पाहतात. हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तिकीट न दिलेल्या प्रवाशांना साक्षीला आणलंच पाहिजे असं नाही, तपासनिसाची साक्ष पुरते. आपल्याकडच्या एसटी वाहकांच्या केसमध्ये हा निकाल हमखास पुढे केला जातो. पोलीस केसमधून सुटलात म्हणून नोकरी आपोआप परत मिळत नाही, तेही याच कारणाने.

अहवाल आणि दुसरी नोटीस

शिक्षेआधी चौकशी अहवालाची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी आणि त्यावर म्हणणं मांडायची संधीही. ती देणारी ती दुसरी नोटीस. ईसीआयएल या सरकारी कंपनीच्या १९९३ च्या निकालापासून हा नियम आहे. उत्तरात अहवालातलं वाक्य आणि रोजनाम्याचं पान शेजारी ठेवा: "पान ७ वर साक्षीदार म्हणतो तार सील केली नव्हती, अहवालात सीलबंद मुद्देमाल म्हटलं आहे." असे तीन विरोध दाखवलेत तर दहा पानी भाषणाचं काम होतं.

मग शिक्षेबद्दल वेगळं लिहा. सेवेची वर्षं, आधी मेमो नाही, नुकसान किती. जुना रेकॉर्ड कंपनी वापरणार असेल तर तो नोटिशीत आधी सांगायला हवा. रेकॉर्डचं वजन हलकं समजू नका. पुण्यातल्या भारत फोर्जचा एक कामगार कामाच्या वेळी झोपलेला सापडला. खालच्या काही न्यायालयांना बडतर्फी जड वाटली. पण त्याची ती पहिली वेळ नव्हती, आधीची तीन गैरवर्तनं नोंदलेली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बडतर्फी कायम केली. म्हणून साधा मेमो आला तरी "किरकोळ आहे" म्हणून सोडू नका. उत्तर द्या. उत्तर न दिलेला मेमो फाइलमध्ये तुमची कबुली म्हणून झोपून राहतो.

बडतर्फीनंतर

मुदतीचं आधी बोलू. राज्याच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रारीला ९० दिवस आहेत. परिशिष्ट चारच्या पहिल्या बाबीत बडतर्फीची कारणं दिली आहेत: सूडबुद्धी, धडधडीत खोटी कारणं, गैरहजेरीचा बनावट आरोप, नैसर्गिक न्याय पायदळी तुडवून किंवा घाईघाईने उरकलेली चौकशी, आणि किरकोळ चुकीला धक्का बसावा इतकी मोठी शिक्षा.  दुसरा रस्ता कामगार आयुक्तांकडच्या समेट अधिकाऱ्याचा. तिथे जुन्या कायद्यात तीन वर्षं मिळत, संहितेत दोन, आणि समेट फसल्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणात जावं लागतं. एकाच बडतर्फीसाठी दोन्ही रस्ते एकदम धरता येत नाहीत. संहिता आल्यानंतर तुमच्या तारखांना कोणता रस्ता बरा, हे वकिलाकडून पहिल्या पंधरवड्यात ठरवून घ्या, आणि ठरेपर्यंत ९० दिवसच आहेत असं धरून चला.

न्यायालयात पहिला मुद्दा चौकशी न्याय्य होती का, हा. ती सदोष ठरली की कामगार पेढे वाटतात. थांबा. कंपनीने मागणी केलेली असेल तर तिला तोच आरोप न्यायालयासमोर नव्याने सिद्ध करायची संधी मिळते. १९७५ च्या कूपर इंजिनिअरिंगच्या निकालाने ही रीत घालून दिली. म्हणून तुमचे साक्षीदार, तुमचा हजेरीचा पुरावा तोवर सांभाळून ठेवावा लागतो. आरोप सिद्ध झाला तरी शिक्षा कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला असतो, तो जुन्या कायद्यात कलम ११-अ मध्ये होता, संहितेतही आहे.

मागचा पगार हवा असेल तर "बडतर्फीनंतर मला कुठे नोकरी मिळाली नाही" हे अर्जात आणि शपथेवर सांगावं लागतं. ते सांगितलं की उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर जाते. संभाजीनगरच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं आणि पूर्ण पगार दिला. नोकरीसाठी केलेले अर्ज, आलेले नकार, बँकेचं पासबुक जपून ठेवा. रिक्षा चालवून पोट भरत असाल तर लपवू नका, उलटतपासणीत निघतंच, आणि मग बाकीचं खरंही खोटं वाटू लागतं.

हिशेबाचा चेक घ्यायला हरकत नाही. पावतीवर "हक्क राखून स्वीकारले" लिहा आणि "कोणतीही तक्रार नाही" ही छापील ओळ खोडून सही करा. भविष्य निर्वाह निधीला बडतर्फीने हात लागत नाही. ग्रॅच्युइटी नुकसानीपुरती, किंवा हिंसा-दंगा वा नैतिक अधःपतनाच्या कृत्यासाठी रोखता येते. गैरहजेरीच्या बडतर्फीत ती रोखली असेल तर ग्रॅच्युइटीच्या प्राधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करा.

राहिला राजीनामा. दार लावून "राजीनामा दे, नाहीतर करिअर खराब होईल" सांगितलं जातं, मुख्यतः पुण्यातल्या आयटी कंपन्यांत. सही झाली की बडतर्फीच उरत नाही, आणि वरची सगळी पानं निरुपयोगी होतात. उद्या सांगतो म्हणून बाहेर पडा. सही होऊनच गेली असेल तर त्याच दिवशी, रात्री बाराच्या आत, ईमेल करा: किती वाजता, कोणत्या खोलीत, कोण-कोण होतं, काय म्हणाले, आणि हा राजीनामा स्वेच्छेचा नाही, मी तो मागे घेत आहे. पंधरा दिवसांनी पाठवलेल्या ईमेलला पहिला प्रश्न येतो तो "इतके दिवस काय करत होतात?" हाच.